विल्यम्सवाल्यांनो, बोर्ड उलटा करू नका

मा. संघप्रमुख जेम्स वाउल्स साहेब आणि ग्रोव्हच्या कारखान्यातली समस्त मंडळी,

चिंचवडहून सप्रेम नमस्कार.

पत्रास कारण की यंदा, म्हणजे २०२५च्या फॉर्म्युला वन हंगामात, तुमचा विल्यम्स संघ पाचवा आला. १३७ गुण, तुमच्या दोन ड्रायव्हरांपैकी साइन्झचे दोन पोडियम, म्हणजे पहिल्या तिघांतले नंबर, आणि ॲल्बनचा चार वेळा पाचवा नंबर. अबू धाबीची शेवटची शर्यत संपली त्या रात्री आमच्या चौघांच्या ग्रुपवर एकाने पेढ्यांच्या बॉक्सचा फोटो टाकला. पेढे खरे होते, मेव्हण्याच्या प्रमोशनचे होते, पण भावना पोचली. अभिनंदन करायला म्हणून मी हे पत्र लिहायला घेतलं. मग वाटलं, अभिनंदन करणारे आता खूप निघतील. मला एक मागणी करायची आहे, आणि करायचीच तर दोन-तीन तक्रारीही उरकून घेतो.

आधी मी कोण ते सांगतो. चाकणच्या पट्ट्यात गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी पीपीसीला आहे. पीपीसी म्हणजे प्रॉडक्शन प्लॅनिंग. लाइनला कुठला भाग कधी लागणार, तो आला का, नसेल आला तर कुठे अडकलाय आणि त्यासाठी आज कुणाच्या शिव्या खायच्या, हे बघणारा माणूस. रोज सकाळी सव्वासातला आमची मीटिंग उभ्या-उभ्या होते. समोर एक व्हाइटबोर्ड असतो, त्यावर लाल मार्करने शॉर्टेज लिस्ट लिहिलेली असते. काय कमी आहे, किती नग कमी आहेत, कुणामुळे कमी आहेत. तिसऱ्या रकान्यात स्वतःचं नाव बघायची हळूहळू सवय होते.

आता आतली गोष्ट सांगतो. कस्टमर व्हिजिट असली की तो बोर्ड उलटा करून ठेवतात. मागच्या बाजूला सेफ्टीची घोषणा रंगवलेली आहे, ती दिसते. कस्टमर आला, बघून गेला, चहा-बिस्किटं झाली की बोर्ड पुन्हा सुलटा.

२०२४मध्ये तुम्ही एक गोष्ट जाहीर सांगितलीत, तेव्हा मला पहिल्यांदा हा बोर्ड आठवला. तुम्ही म्हणालात की गाडीच्या सगळ्या भागांचा हिशेब एका एक्सेल फाइलमध्ये चालायचा. सुमारे २०,००० भाग. कुठला भाग आत्ता कुठे आहे, किती दिवसांत होईल, त्याला किती खर्च येईल, हे त्या फाइलमधून कळायचं नाही. जग हसलं. अब्जावधींचा खेळ आणि किराणा दुकानाचा हिशेब, असं म्हणून हसलं. मी ती बातमी कॅन्टीनमध्ये वाचून दाखवली तेव्हा आमच्या टेबलावर मात्र कुणी हसलं नाही. स्टोअर्सचे काका चहाचा घोट घेऊन एवढंच म्हणाले, "म्हणजे आपल्यासारखंच की."

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग बदललं. रिव्हिजन बीचं सी झालं, एक भोक दोन मिलिमीटर सरकलं. मी एक्सेलमध्ये नवा नंबर टाकला, खाली ओढला, सेव्ह केलं. शीटला फिल्टर लागलेला होता हे माझ्या लक्षात आलं नाही. ज्या ओळी लपलेल्या होत्या त्यात तोच ब्रॅकेट दुसऱ्या मॉडेलला जुन्या नंबराने तसाच बसून राहिला. बुधवारी सेकंड शिफ्टला बोल्ट बसेना. फिटरने आधी बोल्टला दोष दिला, मग फिक्स्चरला, मग ड्रॉइंग मागवलं. चाळीस मिनिटं लाइन बंद. मॅनेजरने विचारलं, "कुणामुळे?" मी म्हणालो, "सिस्टिममुळे." आता त्या सिस्टिमचा पासवर्ड फक्त माझ्याकडे होता. पण मॅनेजरने मान डोलावली, रिपोर्टमध्ये 'सिस्टिम एरर' लिहिलं गेलं आणि मी साडेअकराला घरी जाऊन गार वरणभात खाल्ला. ती चूक काही फार मोठी नव्हती. पण 'सिस्टिममुळे' हा शब्द अजून अधूनमधून घशाशी येतो.

म्हणून तुमचं ते एक्सेलचं बोलणं मला मोठं वाटलं. तुम्हाला कुणी धरून विचारलं नव्हतं. तुम्ही आपणहून बोर्ड सुलटा करून जगासमोर ठेवलात.

तसे आम्ही फार आधीपासूनचे. माझी सुरुवात १९९७ची. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होतो, आकुर्डीला दोन खोल्या, केबल नुकती घेतलेली. २६ ऑक्टोबर, हेरेझची शेवटची शर्यत, दिवाळी चार दिवसांवर. आतल्या खोलीत आईचा चकल्यांचा घाणा चालू आणि बाहेर मी टीव्हीच्या इतका जवळ की काचेला हात लावला तर चरचरावं. निळ्या विल्यम्समधला व्हिलनव्ह आतून घुसला, शूमाकरने त्याच्यावर गाडी घातली आणि स्वतःच खडीत जाऊन रुतला. मी ओरडलो. आई झारा घेऊन बाहेर आली. शर्यत संपली तेव्हा व्हिलनव्ह तिसरा आला होता आणि जगज्जेता झाला होता. वर्षभराच्या गुणांचं हे गणित मी आईला समजावून सांगू शकलो नाही. "तिसरा आला आणि जिंकला? बरं. मग आता उठ, सोऱ्या दाबायला ये, माझे हात भरून आलेत."

मला तेव्हा वाटलं होतं, आता हे दरवर्षीचंच. त्याआधीच्या वर्षी डेमन हिल, त्याआधी प्रॉस्ट, त्याआधी मॅन्सेल. सात ड्रायव्हर-विजेतेपदं, नऊ कन्स्ट्रक्टर्सची, म्हणजे संघाची. आकुर्डीतल्या पोराने जिंकणारा संघ निवडला, यात काय मोठंसं? त्या संध्याकाळनंतर आज २८ वर्षं झाली. एकही विजेतेपद नाही.

मधल्या काळात काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. गाडी डिझाइन करणारा न्यूई गेला. इंजिनं घेऊन बीएमडब्ल्यू आली, मोंटोया आला, २००४ला ब्राझीलमध्ये जिंकला, बीएमडब्ल्यू गेली. २००६ला नारायण कार्तिकेयनला तुम्ही टेस्ट ड्रायव्हर म्हणून घेतलंत तेव्हा आम्ही वर्तमानपत्रातली दोन इंचांची बातमी कापून ठेवली. मग २०१२च्या मे महिन्यात बार्सिलोनाला मालडोनाडो जिंकला. महिनाभरापूर्वीच संघाचे संस्थापक फ्रँक विल्यम्स, आमचे फ्रँकसाहेब, यांची सत्तरी झाली होती, तिचा उत्सव तिथे होता, सगळे गॅरेजमध्ये जमले होते, आणि त्याच गॅरेजला आग लागली. मालडोनाडो आपल्या छोट्या चुलतभावाला पाठीवर घेऊन धुरातून बाहेर पडतानाचा फोटो आहे. विल्यम्सला निर्भेळ आनंद झाल्याचं मला आठवतच नाही. तो तुमचा ११४वा विजय. ११५वा अजून यायचाय.

त्याच ऑक्टोबरमध्ये मी आणि माझा मित्र झेलम एक्स्प्रेसने दिल्लीला आलो होतो, ग्रेटर नोएडाची शर्यत बघायला. स्लीपरचं तिकीट, बरोबर दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. स्टँडमध्ये आजूबाजूला सगळी लाल टोप्यांची जत्रा. ब्रुनो सेना विल्यम्समध्ये होता. तीनदा जगज्जेता झालेल्या आयर्टन सेनाचा भाचा. १ मे १९९४ला इमोलामध्ये आयर्टन अपघातात गेला तेव्हा तो तुमच्याकडून जेमतेम तिसरी शर्यत चालवत होता. ते आडनाव पुन्हा त्याच संघाच्या गाडीवर बघताना काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही. आवाज मात्र सांगता येतो. गाडी समोरून गेली की ढोल पथकाच्या पहिल्या ओळीत उभं राहिल्यासारखं बरगड्यांना कळायचं. ब्रुनो दहावा आला. एक गुण. आम्ही दोघं एवढे नाचलो की पुढच्या रांगेतल्या फेरारीवाल्याने वळून काळजीने विचारलं, "भाईसाब, जीता कौन?" जिंकला होता व्हेटेल. आम्हाला त्याच्याशी काही देणं-घेणं नव्हतं.

पुढे २०१४, १५ला तिसरे आलात आणि मग घसरगुंडी. २०१८ला सात गुण, २०१९ला एक, २०२०ला शून्य. २०१९ला तर चाचणीच्या पहिल्या दिवशी गाडीच तयार नव्हती. बाकीचे नऊ संघ ट्रॅकवर आणि तुमचं गॅरेज रिकामं. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. मांडीवर बसून बघायची. एकदा तिने विचारलं, "बाबा, तुझी टीम नेहमी शेवटून का सुरू करते? त्यांना उशिरा बोलावतात का?" मी हो म्हणालो. आता ती चौदाची आहे, नॉरिसची फॅन आहे, तिचा ड्रायव्हर यंदा जगज्जेता झालाय. घरात तिचा तोरा बघण्यासारखा असतो.

ऑगस्ट २०२०मध्ये विल्यम्स कुटुंबाने संघ डोरिल्टन कॅपिटलला विकला. १५ कोटी २० लाख युरो. मॉन्झाच्या शर्यतीनंतर फ्रँकसाहेबांच्या कन्या क्लेअर विल्यम्स पिटवॉलवरून उतरल्या आणि त्या गर्दीत त्या आडनावाचं कुणी उरलं नाही. आमच्याकडे पेठांमध्ये असं होतं. पाटी तीच राहते, 'स्थापना' म्हणून जुनं साल राहतं, गल्ल्यावरचा माणूस बदलतो. मग गिऱ्हाईक पहिले काही महिने घास चावताना शंका काढत राहतं. आम्हीही काढली. ओळख म्हणून आता उरलं काय, हा प्रश्न त्या हिवाळ्यात आम्ही चौघांनी किती रात्री घोळला असेल.

रंग म्हणावा तर तुमचा एक रंग कधी नव्हताच. फेरारी लाल. मॅक्लारेनला आपला पपईचा रंग परत सापडला. तुम्ही १९८०ला पांढरे-हिरवे, मॅन्सेलच्या काळात पिवळे-निळे, व्हिलनव्हच्या विजेतेपदाला गडद निळे, लगेच पुढच्या वर्षी लालभडक, मग पांढरे, मग मार्टिनीचे पट्टे. पैसे देणारा येईल तसा अंगरखा. आत्ताही नावाच्या आधी अॅटलासियन आहेच, आणि मी त्याबद्दल कुरकुर करणार नाही. प्रायोजक नसला की काय होतं ते पाहून झालंय.

ड्रायव्हर म्हणावेत तर तेही नाही. उलट ड्रायव्हरांना तुमच्याइतकं कोरडं कुणी वागवलं नसेल. पिके १९८७ला जगज्जेता झाला, पुढच्या वर्षी लोटसमध्ये. मॅन्सेल १९९२ला झाला, पुढच्या वर्षी अमेरिकेत. प्रॉस्ट १९९३ला झाला आणि निवृत्त. हिलला तर १९९६चं विजेतेपद हातात यायच्या आधीच कळलं होतं की पुढच्या वर्षी त्याला जागा नाही. चार जगज्जेते, आणि चौघंही पुढच्या हंगामात तुमच्या गाडीत नव्हते. फ्रँकसाहेब आणि त्यांचे इंजिनिअर भागीदार पॅट्रिक हेड यांना गाडी महत्त्वाची होती, आत बसणारा माणूस हा आणखी एक भाग. पार्ट नंबर लावला असता तरी चाललं असतं. हे सगळं मी अभिमानाने सांगत आलो, पण खरं सांगायचं तर ही ओळख गेली तर जाऊ द्या. ॲल्बनला रेड बुलने सोडलं होतं, वर्षभर तो बाहेर बसला होता. त्याला तुम्ही उभं केलंत. त्याने २०२२ला मेलबर्नला एकाच हार्ड टायरवर ५८पैकी ५७ फेऱ्या काढून दहावा नंबर मिळवला, तो असा माणूस आहे. साइन्झला फेरारीत जागा उरली नाही तेव्हा त्याच्यापुढे इतर दारं उघडी होती आणि तो नवव्या नंबरावर घुटमळणाऱ्या संघात आला. हे दोघं एकमेकांशी ज्या पद्धतीने वागतात ते जुन्या विल्यम्समध्ये झालं नसतं.

मग उरलं ते काय? मला वाटतं, कारखाना. १९७७ला डिडकॉटमधल्या गालिच्यांच्या रिकाम्या गोदामात सुरू झालेला. त्याआधी बिल न भरल्याने फोन कापला गेला म्हणून रस्त्यावरच्या टेलिफोन बूथमधून धंदा करणारा एक माणूस, आणि त्याच्याबरोबर हात काळे करणारा एक इंजिनिअर. दोनच वर्षांत सिल्व्हरस्टोनला रेगाझोनीने पहिला विजय मिळवून दिला. १९८६च्या मार्चमध्ये फ्रान्समध्ये अपघात झाला, फ्रँकसाहेबांचं मानेखालचं शरीर गेलं, आणि ते हॉस्पिटलात असताना कारखान्याने त्या वर्षीचं कन्स्ट्रक्टर्स विजेतेपद आणलं. मालक नसताना चाललेला कारखाना. पीपीसीवाल्याला यापेक्षा मोठी गोष्ट सांगू नका. गाडीचं नाव आजही एफडब्ल्यू, म्हणजे फ्रँक विल्यम्स. नवे मालक आले तरी ते बदललं नाही. यंदाची एफडब्ल्यू४७. त्याबद्दल डोरिल्टनवाल्यांना मनापासून धन्यवाद.

आणि त्या कारखान्यात तुम्ही आलात, २०२३च्या सुरुवातीला, मर्सिडिजमधून. (तुमचं आडनाव इंग्रजीतल्या स्वरांसारखं उच्चारतात हे आम्हाला बऱ्याच उशिरा कळलं. तोवर आमच्या ग्रुपवर तुम्ही 'वोल्स साहेब' होतात. राग नसावा.)

२२ मार्च २०२४, शुक्रवार. आमच्याकडे सकाळचे सात वाजले होते, मेलबर्नचा पहिला सराव चालू झाला होता. मीटिंगला उभा राहून मी खिशातल्या फोनकडे चोरून बघत होतो. ॲल्बन भिंतीला धडकला. दुपारपर्यंत कळलं की चॅसी, म्हणजे गाडीचा मुख्य सांगाडा, गेली आणि सुटी चॅसी नाही. दोन गाड्या, दोन चॅसी, बस. मग तुम्ही तेव्हाच्या दुसऱ्या ड्रायव्हरची, सार्जंटची, धडधाकट गाडी काढून ॲल्बनला दिलीत. ॲल्बन अकरावा आला. शून्य गुण. ही माझी पहिली तक्रार: त्या पोराने गाडी ठोकली नव्हती. हिशेब म्हणून निर्णय बरोबर असेल. माझ्या हातात असता तर मीही कदाचित तोच घेतला असता आणि 'सिस्टिम' म्हणालो असतो. तुम्ही मात्र कॅमेऱ्यासमोर उभं राहून सांगितलंत की सुटी चॅसी नसणं आजच्या काळात खपवून घेण्यासारखं नाही आणि त्याची शिक्षा सार्जंटला भोगावी लागतेय. त्या दिवशी मी ग्रुपवर लिहिलं, "हा माणूस टिकला तर आपण वर येणार." एकाने उत्तर दिलं, "आधी चॅसी तरी येऊ दे."

ते वर्ष नवव्या नंबरावर संपलं. ब्राझीलला तर मोडलेल्या गाड्यांचा ढीग लागला. आमच्या भाषेत सांगायचं तर रिजेक्शन बिन भरून वाहत होती. आणि मग यंदा.

२१ सप्टेंबर, बाकू. आमच्याकडे सर्वपित्री अमावास्या होती. आदल्या दिवशी पात्रता फेरीत सहा वेळा लाल बावटा, भुरभुर पाऊस, आणि त्या गोंधळात साइन्झ दुसरा. रविवारी दुपारी घरात वडे, खीर, आमसुलाची चटणी. गच्चीवर कावळ्याला पान ठेवलं, तो लवकर शिवला, म्हणून सगळे खूश. साडेचारला शर्यत. मुलगी सोफ्यावर, मी खाली जमिनीवर, १९९७च्या सवयीने. तिच्या नॉरिसचा मॅक्लारेनमधला जोडीदार पियास्त्री पहिल्याच फेरीत भिंतीत गेला तेव्हा मी सभ्यपणे गप्प राहिलो. रसेल पिट-स्टॉपच्या डावात पुढे गेला, पण मागून येणाऱ्या अँटोनेलीला साइन्झने दाद दिली नाही. शेवटच्या दहा फेऱ्या मी बघितल्याच नाहीत, स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायलो. "बाबा, ये, तिसरा आला," असं मुलीने ओरडून सांगितलं. २०१७ला याच बाकूत स्ट्रोल तिसरा आला होता, त्यानंतर शर्यत पुरती धावून मिळवलेला तुमचा हा पहिला पोडियम. मध्ये स्पाला, तेव्हा तुमच्याकडे असलेला रसेल दुसरा आला होता, पण ती शर्यत म्हणजे पावसात सेफ्टी कारमागची प्रदक्षिणा, गुणसुद्धा अर्धेच मिळाले. आई आता ऐंशीच्या घरात आहे. तिने विचारलं, "तिसरा आला म्हणजे जिंकलाच ना? मागे तसंच झालं होतं."

लगेच पुढच्याच शर्यतीत, सिंगापूरला, तुमच्या दोन्ही गाड्या पात्रता फेरीतून बाद. मागच्या विंगची फट ८५ मिलिमीटरपेक्षा जास्त उघडत होती. ही बातमी मी चार वेळा वाचली. आमच्याकडे हे झालं असतं तर पहिला अर्धा दिवस 'त्यांचं गेज चुकीचं आहे' यात गेला असता, मग कॅलिब्रेशनच्या स्टिकरवरची तारीख शोधली असती, मग इन्स्पेक्टरला उभं केलं असतं. तुम्ही सांगितलंत की आमच्या मोजणीत विंग बरोबर होती, पण शेवटी एकच मोजणी धरली जाते आणि ती आम्हाला मान्य आहे. दोन ओळींत विषय संपला. साइन्झ मागून निघून दहावा आला. मी तुमचं ते निवेदन छापून आमच्या क्वालिटीच्या टेबलावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्यावर चहाचा कप होता, पण कागद अजून तिथेच आहे.

दुसरी तक्रार मोनॅकोची. यंदा दोन पिट-स्टॉप सक्तीचे होते, म्हणून एका गाडीने मागच्यांना तुंबवून ठेवायचं आणि दुसऱ्याला मोकळी जागा करून द्यायची. सुरुवात तुम्ही केली नव्हती, रेसिंग बुल्सने केली. तुम्ही तीच युक्ती दोघांसाठी आलटून-पालटून केलीत आणि नववा-दहावा नंबर मिळवला. नियमात बसत होतं. पण बघवत नव्हतं. कात्रजच्या जुन्या घाटात ट्रकमागे अडकल्यासारखी ती शर्यत होती, आणि ट्रक आमचा होता. तुमच्या दोन्ही ड्रायव्हरांनाही ते रुचलं नाही हे त्यांच्या बोलण्यातून कळत होतं. तीन गुणांसाठी पुन्हा असं करायची वेळ आली तर, साहेब, तीन गुण सोडा. शून्य गुणांत राहायची आम्हाला सवय आहे.

तिसरी तक्रार तुमच्या येण्याआधीची. १९९५पासून तुमच्या प्रत्येक गाडीवर सेनाच्या नावाचा तो छोटा 'एस' असायचा. २०२२ला काढला. पुढे बघायचं होतं, ड्रायव्हरने गाडीत बसताना मरण कशाला आठवावं, हेही समजतं. तरी नाकाच्या टोकाशी बोटभर जागा होती. बघा जमलं तर. नाही जमलं तरी आम्ही येत राहूच.

आता मागणी.

२०२६ला सगळंच नवं आहे. इंजिनात अर्धी ताकद विजेची, पंख शर्यतीत हलणारे, अकरावा संघ येतोय. त्यासाठी तुम्ही यंदाची गाडी सुधारणं लवकर थांबवलंत आणि तरीही पाचवे आलात. ऑस्ट्रियाला एक गाडी सुरुवातीआधीच ब्रेक पेटून थांबली, दुसरी शर्यतीत थांबली, तेव्हाही तुम्ही नव्या गाडीवरचा हात काढला नाहीत. म्हणजे पुढच्या वर्षी लोक तुमच्याकडे अपेक्षेने बघणार. नवे फॅन येतील, मोठे प्रायोजक येतील, ग्रोव्हमध्ये पाहुण्यांची वर्दळ वाढेल. मी कंपनीत पाहिलंय, ऑर्डर वाढल्या की सगळ्यात आधी बोर्डाची जागा बदलते. आधी तो कोपऱ्यात जातो, मग केबिनमध्ये, मग स्क्रीनवर येतो, आणि स्क्रीनवर लाल रंग वाईट दिसतो म्हणून केशरी होतो. निवेदनं गुळगुळीत होतात. 'काही बाबींवर काम चालू आहे' असं वाक्य येतं. ज्या दिवशी तुमच्या तोंडून ते वाक्य येईल त्या दिवशी मला रंग, नाव, एफडब्ल्यू, कशाचाच काही उपयोग वाटणार नाही.

तेव्हा गाडी उशिरा झाली तर उशिरा झाली म्हणा. वजन जास्त भरलं तर किती किलो ते सांगा. पहिल्या तीनमध्ये आलात आणि मग स्ट्रॅटेजी चुकली, तर ती कुणाच्या टेबलावर चुकली ते नाव न घेता का होईना, पण सांगा. वर गेल्यावर हे जास्त अवघड असतं हे मला कळतं, कारण वर गेल्यावर गमवायला काहीतरी असतं. आम्ही तुमच्याकडून ११५वा विजय मागत नाही असं म्हणणार नाही, मागतोच आहोत, रोज मागतो. पण तो या सवयीच्या बदल्यात नको.

माझ्याकडून सांगायचं तर, सिंगापूरनंतरच्या आठवड्यात आमच्याकडे एक डिस्पॅच चुकला. कार्टनवरची लेबलं आदलीबदली झाली. मीटिंगमध्ये विचारलं, "कुणामुळे?" मी हात वर केला. मॅनेजरने काही क्षण माझ्याकडे बघितलं, मार्कर उचलला आणि तिसऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मग पुढचा विषय.

कळावे, लोभ असावा.

आपला,
चिंचवडचा एक विल्यम्सवाला

ता. क. ती जुनी एक्सेल फाइल कुणाच्या तरी लॅपटॉपवर अजून असेलच. कृपया डिलीट करू नका. ग्रोव्हच्या तुमच्या संग्रहालयात जिथे मॅन्सेलची एफडब्ल्यू१४बी उभी असते तिच्या शेजारी एक स्क्रीन लावा आणि त्यावर ती फाइल उघडून ठेवा. फक्त आधी फिल्टर काढा.